गोष्टीचा तास परत द्या, आणि त्याला तात्पर्य जोडू नका

कोल्हापूर शहर आणि जिल्ह्यातील शाळांचे मुख्याध्यापक, संस्थाचालक आणि शिक्षण विभागातील अधिकारी यांना

सप्रेम नमस्कार.

या जूनमध्ये आपल्यापैकी काही शाळांनी नवं वेळापत्रक लावलं. त्यातून आठवड्याचा गोष्टीचा तास गेला आणि त्याच्या जागी शिष्यवृत्तीच्या सरावाची प्रश्नपत्रिका आली. काही शाळांनी तास ठेवला, पण प्रत्येक गोष्टीखाली तीन प्रश्न, एक तात्पर्य आणि पाच गुण बसवले. हे दोन्ही निर्णय आम्हाला मुकाट्यानं मान्य करता येत नाहीत. पत्र उघडपणे लिहितोय, कारण ते आपल्याइतकंच पालकांनीही वाचावं अशी आमची इच्छा आहे.

आम्ही शाळेत, अंगणवाडीत आणि वाचनालयात मुलांना गोष्टी सांगणारे आणि मुलांचं मन दुखतं तेव्हा त्यांच्याजवळ बसणारे लोक आहोत. कुणी शिक्षक, कुणी समुपदेशक, कुणी अंगणवाडी ताई. जो तास आपण फावल्या वेळातली करमणूक समजून काढून टाकलात, तो आमचं रोजचं हत्यार आहे. ते कसं चालतं आणि कुठं बोथट होतं हे आम्हाला ठाऊक आहे, म्हणून आधी तेच सांगतो. तक्रारी आणि मागण्या त्यानंतर.

चाचणीत कमी गुण पडलेलं मूल 'मी ढ आहे' असं स्वतःला म्हणतं, ते शब्द त्याचे नसतात. घरीदारी ऐकून तोंडात बसलेले असतात. त्याला 'स्वतःवर प्रेम कर' असं सांगितलं तर ते खाली मान घालतं, कारण ते कसं करायचं हे त्याला कुणी दाखवलेलं नसतं. कठोर बोलणं जसं ऐकून येतं तसंच मायेचं बोलणंही ऐकून आणि बोलून येतं, आणि ते आधी दुसऱ्याला बोलून पाहावं लागतं. हा दुसरा कुणीतरी म्हणजे गोष्टीतली म्हातारी, रुसलेली बहीण, पावसात भिजलेला कावळा. त्यांच्याशी मायेनं बोलताना मुलाला लाज वाटत नाही. तेच वाक्य मग त्याला स्वतःकडे वळवता येतं.

मानसशास्त्रात याला आत्मकरुणा म्हणतात. क्रिस्टिन नेफ यांनी २००३ मध्ये तिचे तीन भाग मांडले: स्वतःशी मायेनं वागणं, असं दुखणं आपल्या एकट्याचं नाही ही जाण, आणि जे दुखतंय ते न दाबता, न फुगवता पाहणं. आपल्या आज्या हा शब्द वापरत नव्हत्या. 'जिवाला खाऊ नको', 'मनाला लावून घेऊ नको' म्हणायच्या आणि शेजारी बसवून गोष्ट सांगायच्या. त्या गोष्टींत हे तिन्ही भाग आहेत.

आपल्या गावचीच गोष्ट घ्या. युद्धात त्र्यंबोलीनं, म्हणजे आपल्या टेंबलाईनं, अंबाबाईला मदत केली, आणि विजयाच्या आनंदात नेमकं तिलाच बोलवायचं राहून गेलं. ती रुसली. गावाबाहेरच्या टेकडीवर जाऊन पाठ फिरवून बसली. मग अंबाबाई स्वतः तिच्याकडं गेली. ललितापंचमीला पालखी अजूनही टेंबलाईच्या टेकडीवर जाते, कोहळा फोडला जातो. आषाढात गल्लोगल्लीची माणसं 'पी ढबाक'च्या तालावर नव्या पाण्याच्या घागरी घेऊन तिच्याकडं निघतात. कोल्हापूरच्या प्रत्येक मुलानं हे पाहिलेलं असतं, गोष्ट मात्र पुष्कळांना कुणी सांगितलेली नसते. या गोष्टीत रुसलेल्या देवीला कुणी 'एवढ्यातेवढ्यावरून रुसू नये' म्हणत नाही. जिच्याकडून विसर पडला तीच टेकडी चढते, आणि दरवर्षी चढते.

ही गोष्ट सांगताना आम्ही टेंबलाई पाठ फिरवून बसते तिथं थांबतो. तीन-चार श्वास कुणीच काही बोलत नाही. मग एकच विचारतो: 'आत्ता तिच्या गळ्यात, छातीत, पोटात काय होत असेल?' 'ती का रुसली' असं विचारत नाही, कारण 'का' म्हटलं की मुलं बरोबर उत्तर शोधू लागतात. शरीराबद्दल विचारलं की 'गळा दाटला असेल', 'हाताच्या मुठी झाल्या असतील', 'जेवावंसं वाटत नसेल' अशी उत्तरं येतात. ती त्यांची स्वतःचीच असतात, पण आम्ही तसं म्हणून दाखवत नाही. मग मधोमध एक पाट मांडायचा. 'ती इथं बसली आहे. तुम्ही किती लांब बसाल?' मुलं उठून आपापली जागा घेतात. कुणी खेटून बसतं, कुणी दाराशी. दाराशी बसणंही बरोबरच आहे, हे तिथं बोलून दाखवायचं. बसल्या जागेवरून प्रत्येकानं तिला एक वाक्य म्हणायचं, मोठ्यानं किंवा मनात. नंतर गोष्ट पुढे न्यायची, अंबाबाईला टेकडीवर आणायचं, भेट घडवायची. सगळ्यात शेवटी हात छातीवर ठेवून तेच वाक्य मनातल्या मनात स्वतःला म्हणायचं. ते काय होतं हे कुणीही कुणाला विचारायचं नाही.

ही गोष्ट आम्ही गावातल्या दोन बहिणींची म्हणून सांगतो. हात जोडायला लावत नाही, आरती म्हणत नाही. वर्तुळात सगळ्या घरांतली मुलं असतात आणि रुसणं सगळ्यांच्याच घरी असतं.

हीच गोष्ट कशी बिघडते तेही सांगतो. 'बघा, देवीसुद्धा राग सोडते, मग तुम्हीही भांडण मिटवा,' असं एक वाक्य शेवटी जोडलं की ज्या मुलाला खरोखर डावललं गेलंय त्याला पुन्हा गप्प बसवलं जातं. गोष्टीत टेकडी कुणी चढायची हे स्पष्ट आहे. ज्याचं दुखलंय त्यानं उतरून यायचं, असा उलटा अर्थ तात्पर्याच्या चौकटीत सहज बसतो, आणि म्हणूनच ती चौकट आम्हाला नको आहे.

दुसरी गोष्ट श्रावणी सोमवारची, खुलभर दुधाची. राजानं फर्मान काढलं की नगरातलं सगळं दूध देवळात आणून महादेवाचा गाभारा भरायचा. लोकांनी मुलांच्या तोंडचं, वासरांच्या तोंडचं दूध आणून ओतलं, गाभारा काही भरेना. एका म्हातारीनं घरचं काम आटोपलं, मुलाबाळांना खाऊपिऊ घातलं, गुरांवासरांना चारा घातला, सगळ्यांचे जीव शांत केले, आणि मग उरलेलं खुलभर दूध नेऊन वाहिलं. गाभारा भरून गेला. ही कहाणी बहुतेक ठिकाणी 'श्रद्धेनं दिलेलं थोडंही देवाला पोचतं' एवढ्यावर संपवली जाते. मधला सगळा भाग, म्हणजे आधी कुणाचे जीव शांत झाले तो, गळून जातो. आम्हाला तोच भाग हवा असतो.

ही कहाणी आम्ही दहा वर्षांपुढच्या मुलांना सांगतो, आणि माता-पालक सभेत तर हमखास. धाकट्या भावंडांना सांभाळून, भाकरी करून शाळेत येणाऱ्या मुलींना ती पटकन लागू पडते. सभेत प्रत्येक बाईला दहा चिंचोके द्यायचे. हे चिंचोके म्हणजे आजच्या दिवसाची आपली ताकद. पुढ्यात पाच-सहा वाट्या: मुलं, सासू-सासरे, नवरा, शेत किंवा नोकरी, गुरं, आणि शेवटची आपली स्वतःची. दहाच्या दहा वाटून टाकायचे. शेवटची वाटी बहुधा रिकामी राहते, आणि ती पाहून काही जणींचे डोळे भरतात. इथं घाई करायची नाही, उपदेशही करायचा नाही. जास्तीचे चिंचोके मात्र द्यायचे नाहीत. 'स्वतःसाठीही वेळ काढा' या सल्ल्यातली चूक हीच, की तो अकरावा चिंचोका मागतो. कुठल्या वाटीतला एक उचलून शेवटच्या वाटीत ठेवता येईल, आणि त्या वाटीतलं काम मग कोण करेल, एवढंच विचारायचं. दुसऱ्या प्रश्नाशिवाय पहिला विचारणं अन्यायाचं आहे.

तिसरी गोष्ट चिमणी-कावळ्याची. ती इथं मुद्दाम मांडतोय, कारण कोल्हापुरात ती पुराची गोष्ट आहे.

राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये पाणी पन्नास फुटांच्या वर गेलं. चिखली, आंबेवाडीपासून शिरोळ तालुक्यापर्यंत किती मुलांनी आपलं घर पाण्यात पाहिलं हे आपल्याला सांगायची गरज नाही. ती मुलं आज मोठ्या वर्गांत आहेत, त्यांची धाकटी भावंडं खालच्या वर्गांत. जुलैत सलग चार दिवस पाऊस लागला की दप्तर उशाशी घेऊन झोपणारं, बंधाऱ्याचे आकडे पुन्हा पुन्हा विचारणारं, कारण नसताना पोट दुखतंय म्हणणारं मूल आपल्या वर्गात असू शकतं.

आणि आपण त्याला सांगतो: कावळ्याचं घर होतं शेणाचं, चिमणीचं घर होतं मेणाचं, मोठा पाऊस आला आणि कावळ्याचं घर वाहून गेलं. यापुढं सांगणारा आपल्या पदरचं जोडतो की कावळा आळशी होता, त्यानं घर नीट बांधलं नव्हतं. ज्याच्या मातीच्या भिंती पुरात बसल्या, त्या मुलाच्या कानावर आपल्या घराचा आणि आईबापाचा दोष म्हणूनच ते पडतं. मूळ गोष्टीत हे नाही. तिथं फक्त पाऊस येतो. म्हणून आमचा पहिला नियम असा, की घर पडण्याचं कारण जोडायचं नाही. उलट दोन वाक्यं सांगायची: शेणाचं घर उन्हाळ्यात गार होतं, कावळ्याला आवडायचं.

मग दार येतं. 'चिऊताई चिऊताई, दार उघड.' 'थांब, माझ्या बाळाला न्हाऊ घालते.' 'थांब, माझ्या बाळाला तीट लावते.' प्रत्येक वेळी मुलांनी हातानं जमिनीवर तीन टकटक करायच्या. तिसऱ्या वेळी थांबायचं. बाहेर कावळा आहे, पंख भिजलेत. त्याला आत्ता काय वाटतंय, आणि त्याला कुणीतरी काय म्हणायला हवं? पहिल्या आठवड्यात शेवट बदलायचा नाही. दुसऱ्या आठवड्यात विचारायचं: त्या झाडावर आणखी कुणाकुणाची दारं होती? मुलं खार, पोपट, घुबड आणतात, शेजाऱ्यांची दारं उघडतात. पुरात माळ्यावर, शाळेत, नातलगांकडं राहिलेल्या मुलांना ही दारं ओळखीची असतात. कावळ्याला आत घेऊन चटका देणारा शेवट काही घरांत सांगतात. पूर पाहिलेल्या मुलांसमोर तो सांगू नये.

ही गोष्ट कधी सांगू नये हेही महत्त्वाचं. पूर चालू असताना आणि पहिल्या काही आठवड्यांत ती काढायची नाही. आपत्तीनंतर लगेच माणसाला घडलेलं सगळं सांगायला भाग पाडू नये, असं जागतिक आरोग्य संघटनेची २०११ ची मानसिक प्रथमोपचाराची मार्गदर्शिकाही बजावते. निवारा केंद्रात पहिल्या दिवसांत परत घरी पोचण्याची गोष्ट हवी, ओळखीच्या पालुपदाची, रोज त्याच वेळी. म्हणजे भोपळ्यातली म्हातारी. ती वाघाला घाबरते, पण वेळ मागून घेते: लेकीकडं जाईन, तूपरोटी खाईन, जाडजूड होईन, मग मला खा. भीती वाटत असतानाही थोडी मुदत मागता येते, हे मुलाला कुणी समजावून सांगावं लागत नाही. 'चल रे भोपळ्या टुणूक टुणूक' सगळ्यांनी मिळून म्हणताना श्वास आपोआप लांब होतो आणि आवळलेले खांदे सैल होतात.

आता तक्रारी.

पहिली, तास काढल्याची. चाळीस मिनिटांत सरावाचे काही प्रश्न जास्त सुटतील, हे मान्य. पण आपल्याच शाळांत परीक्षेच्या आदल्या आठवड्यात उलट्या होणारी, निकालादिवशी घरी जायला घाबरणारी मुलं आहेत, आणि त्यांच्यासाठी वेळापत्रकात दुसरी कुठलीही जागा नाही. ज्या संस्थानात राजर्षी शाहूंनी १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, तिथं मुलाच्या मनासाठी आठवड्याला एक तास मागायला पत्र लिहावं लागतं, याचं आम्हाला वाईट वाटतं.

दुसरी, तात्पर्याची आणि गुणांची. गुण आले की मूल शिक्षकाला हवं ते बोलतं. टेंबलाईला काय वाटलं असेल, याचं पाचपैकी तीन गुणांचं उत्तर असू शकत नाही. चित्रांचंही तसंच. गोष्टीनंतर दहा मिनिटं मुलं चित्र काढतात किंवा शाडूची माती हाताळतात. ती चित्रं भिंतीवर लावू नयेत आणि पालकसभेत दाखवू नयेत. मुलाला हवं असेल तर त्यानं घरी न्यावं, नको असेल तर फाडावं.

तिसरी, स्पर्धांची. कथाकथन स्पर्धा जरूर घ्या, पण तो गोष्टीचा तास समजू नका. स्पर्धेतलं मूल हातवारे, आवाजाची चढउतार आणि घड्याळ सांभाळत असतं. ज्याचं खरोखर काही दुखतंय ते स्पर्धेला नावच देत नाही.

चौथी, पडद्याची. शाळेला मिळालेल्या मोठ्या पडद्यावर गोष्टीची चित्रफीत लावून शिक्षक वह्या तपासत बसतात, असं होऊ लागलंय. चित्रफीत थांबत नाही. एखाद्या मुलीनं मान खाली घातली तर चित्रफितीला ते दिसत नाही. सांगणाऱ्याला दिसतं आणि तो आवाज उतरवतो. या कामाचा निम्मा भाग हा आहे.

पाचवी, भाषेची, आणि ही आम्हाला फार लागते. गडहिंग्लज, चंदगड, शिरोळकडं घरी कानडी बोलणारी मुलं आहेत. इचलकरंजीत मागावर काम करायला लांबून आलेल्यांची मुलं आहेत. गळीत हंगामात ऊसतोड कामगारांच्या खोपटांवर मराठवाड्यातली मुलं येतात. 'शुद्ध बोल' म्हणून त्यांना मध्येच तोडलं की गोष्ट तिथंच संपते. दुखलेलं माणूस घरच्याच बोलीत बोलतं. रांगड्या कोल्हापुरीत टेंबलाई 'लई चिडली' असेल तर तिला 'अत्यंत क्रोधित' करायची काहीही गरज नाही. कानडी मुलखात एक गोष्ट सांगतात: एका बाईला एक गोष्ट आणि एक गाणं येत होतं, पण ती ते कुणालाच सांगत नव्हती. कोंडून कंटाळलेली गोष्ट आणि गाणं एका रात्री बाहेर पडली, जोडे आणि अंगरखा होऊन दारात बसली, आणि नवरा-बायकोत संशयाचं भांडण लावून गेली. सीमाभागातल्या एखाद्या आजीला वर्गात बोलावून अशी गोष्ट तिच्याच भाषेत ऐकवली आणि नंतर मराठीत सांगितली, तर दोन्हीकडची मुलं ऐकतात.

सहावी, सांगणाऱ्याला एकटं सोडण्याची. गोष्टीनंतर कधीतरी एखादं मूल जवळ येतं आणि घरातलं असं काही सांगतं की ऐकणाऱ्याचे हात गार पडतात. तेव्हा काय करायचं हे शाळेत कुणीच सांगून ठेवलेलं नसतं. म्हणून इथंच लिहितो. मुलाला खोदून विचारू नका, 'कुणाला सांगणार नाही' असं वचन देऊ नका. 'सांगितलंस ते बरं केलंस, यात तुझी चूक नाही,' एवढं म्हणा. त्याचे शब्द जसेच्या तसे त्याच दिवशी लिहून ठेवा. लैंगिक अत्याचाराची गोष्ट असेल तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, तो शाळेच्या अब्रूचा प्रश्न नाही. मुलांसाठीची मदतवाहिनी १०९८. मानसिक त्रासासाठी टेलि-मानसची मोफत सेवा १४४१६. मूल जीव देण्याची भाषा बोलत असेल, आठवडेच्या आठवडे झोपत-जेवत नसेल, स्वतःला इजा करत असेल, तर गोष्टीवर विसंबू नका. त्याला एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञ गाठा. लोककथा उपचाराची जागा घेते असं आमच्यापैकी कुणीही म्हणत नाही. मूल तज्ज्ञापर्यंत पोचायच्या आधी त्याच्या तोंडात पहिला शब्द यावा, आणि पोचल्यावर तिथं बोलायची सवय असावी, यासाठी ती उपयोगी पडते.

लोककथांमध्ये दोष आहेत, तेही आमच्याकडूनच ऐका. त्यांत सावत्र आया दुष्ट असतात, काळ्या रंगाला हिणवलं जातं, मूल न झालेल्या बाईला आणि विधवेला नको ते बोललं जातं. ज्याच्या घरी सावत्र आई आहे ते मूल वर्तुळात बसलेलं असतं. असे शब्द बिनदिक्कत वगळा, गोष्ट मोडत नाही. शिवामुठीच्या कहाणीतली नावडती सून उष्टं खाते, गोठ्यात राहते आणि शेवटी आवडती होते. ही सांगताना फार जपावं लागतं. 'सोसत राहिलं की दिवस येतात' असा धडा त्यातून मुलींनी घेतला तर आपण त्यांचं नुकसान केलं. आम्ही नागकन्या-देवकन्या तिला भेटतात आणि तिच्याशी माणसासारखं बोलतात, तिथं जास्त रेंगाळतो. तिच्या मुठीत कुणीतरी काहीतरी देतं, तो क्षण. आणि गोष्टीनंतर सरळ सांगतो की घरात असं वागवलं जात असेल तर वाट बघायची नसते, मोठ्या माणसाला सांगायचं असतं.

तास कसा घ्यायचा याची मापं आमच्या अनुभवातून पक्की झाली आहेत. एका वर्तुळात १२ ते १५ मुलं. वर्ग मोठा असेल तर निम्मी मुलं एका आठवड्याला, निम्मी दुसऱ्या. ४० मिनिटांतली तीन-चार मिनिटं स्थिर व्हायला, दहा-बारा मिनिटं गोष्ट, आठ-दहा मिनिटं एका थांब्यावरचं बोलणं, दहा मिनिटं चित्र किंवा माती, आणि उरलेली निरोपाला. सुरुवात दर वेळी त्याच शब्दांनी, 'आटपाट नगर होतं'. शेवटही तोच, 'साठा उत्तराची कहाणी पाचा उत्तरी सुफळ संपूर्ण'. या ठरलेल्या शब्दांनी मुलाला कळतं की आता आत आलो आणि आता बाहेर पडलो. गोष्ट पुढच्या आठवड्यावर अर्धी सोडू नका. दुखऱ्या जागी तुटलेली गोष्ट मूल घरी घेऊन जातं. एकच गोष्ट तीन आठवडे सांगा. पहिल्यांदा मुलं ऐकतात, दुसऱ्यांदा पालुपद म्हणतात, तिसऱ्यांदा कावळा किंवा म्हातारी होऊन बोलतात, आणि खरं काम बहुधा तिसऱ्या आठवड्यात होतं. दर आठवड्याला नवी गोष्ट हवी हा हट्ट मोठ्यांचा असतो. पुस्तक हातात नको. अभिनय कमी. कुठल्याही मुलाकडं बघून 'तुझ्यासारखंच बघ' म्हणायचं नाही. बोलायचं नसेल त्यानं बोलू नये.

आता आमच्या मागण्या.

पहिली ते सातवीच्या प्रत्येक वर्गाला आठवड्यातून एक गोष्टीचा तास वर्षभर द्या, आणि परीक्षा जवळ आली म्हणून तो काढून घेऊ नका. परीक्षेच्या महिन्यातच तो जास्त लागतो.

या तासाला गुण, तात्पर्य, स्पर्धा आणि अहवालाची छायाचित्रं नकोत. नोंद हवी असेल तर तारीख, गोष्टीचं नाव आणि हजर मुलांची संख्या, एवढी पुरे.

प्रत्येक शाळेतल्या दोन शिक्षकांना दोन दिवसांचं प्रशिक्षण द्या. एक दिवस सांगण्याचा आणि थांबण्याचा, दुसरा दिवस मूल काही सांगू लागलं तर काय करायचं याचा. दुसऱ्या दिवशी समुपदेशक समोर हवा. नंतर महिन्यातून एकदा या शिक्षकांची आपसात बैठक व्हावी, कारण ऐकलेलं त्यांच्याही जिवावर साठतं.

समुपदेशक नेमा. सर्वोच्च न्यायालयानं जुलै २०२५ मध्ये दिलेल्या निर्देशांनुसार शंभर किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या संस्थेनं किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता नेमायचा आहे, आणि लहान संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी रीतसर जोडणी ठेवायची आहे. आपल्या शाळेत ते कोण आहेत, त्यांचं नाव आणि बसण्याची वेळ दर्शनी फळ्यावर लिहा.

पूरकाळातल्या निवारा केंद्रांच्या आराखड्यात संध्याकाळचा एक गोष्टीचा तास जेवण-औषधांसोबत लिहून ठेवा, आणि त्यासाठी सांगणाऱ्यांची यादी मे महिन्यातच तयार करा. पाणी चढायला लागल्यावर माणसं शोधणं जमत नाही.

आणि गावोगावच्या आज्या-आजोबांकडून गोष्टी गोळा करा. डॉ. सरोजिनी बाबर यांनी लोकसाहित्य जमवण्याचं मोठं काम करून ठेवलंय, पण पंचगंगा, दूधगंगा, हिरण्यकेशीच्या काठची बोली आजच्या आवाजात टिपणं बाकी आहे. साधा फोन पुरतो. तो विमान मोडवर टाकायचा, दुमडलेल्या टॉवेलवर सांगणाऱ्यापासून दोन वीत अंतरावर ठेवायचा, पंखा बंद करायचा. सुरुवातीला गाव, तारीख, ही गोष्ट कुणाकडून ऐकली, आणि ध्वनिमुद्रण वापरायला संमती आहे का, हे त्यांच्याच तोंडून बोलून घ्यायचं. दुपारी साडेतीननंतर गेलेलं बरं, तेव्हा आज्यांची कामं आटपलेली असतात. जी आजी शाळेत येऊन गोष्ट सांगेल तिला येण्याजाण्याचा खर्च आणि थोडं मानधन द्या. सत्काराचा नारळ देऊन ते काम भागवू नका.

या सगळ्याला खर्च म्हणाल तर एक सतरंजी, थोडी शाडूची माती, कोरे कागद आणि प्रशिक्षणाचे दोन दिवस. समुपदेशकाचा पगार वेगळा, आणि तो आपल्याला तसाही द्यायचाच आहे.

दिवाळीच्या सुट्टीआधी आपलं लेखी उत्तर मिळावं, अशी विनंती. तोवर ज्या शाळांना हा तास पुन्हा सुरू करून पाहायचा आहे, तिथं आमच्यापैकी दोघं जण सलग तीन शनिवार यायला तयार आहोत, एकाच वर्गाला, एकच गोष्ट घेऊन. आम्हाला एक रिकामी खोली, एक पाट, आणि त्या वर्गाचे वर्गशिक्षक पूर्ण वेळ वर्तुळात बसलेले हवेत.

आपले नम्र,
कोल्हापुरात मुलांना गोष्टी सांगणारे काही शिक्षक, समुपदेशक आणि अंगणवाडी ताई